वीस फुटी हॉलमध्ये दिवे बसवताना: घोडबंदर रोडवरच्या एका डुप्लेक्सची हकिगत

डबल हाइट, म्हणजे दोन मजल्यांइतक्या उंच हॉलला दिवे किती आणि कोणते लागतील, असं दुकानात विचारलं की साध्या हॉलचं उत्तर दुप्पट करून हातात पडतं. छतात बसणाऱ्या आठ डाउनलाइटच्या जागी सोळा, बारा वॉटच्या जागी अठरा, आणि मधोमध झुंबर. ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या आमच्या डुप्लेक्सचा हॉल १४ बाय १८ फुटांचा, छत २० फुटांवर. डिसेंबर २०२४ मध्ये या कामाला हात घातला तेव्हा पहिलं कोटेशन याच धर्तीचं आलं: छताला फॉल्स सीलिंग, त्यात बारा डाउनलाइट आणि झुंबर, मिळून लाखाच्या वर. आकड्यापेक्षा जास्त धास्ती दुसऱ्याच गोष्टीची वाटली. वीस फुटांवरचा दिवा बंद पडला तर तो बदलायला कोण चढणार, आणि कशावरून? पुढची सगळी निवड या एका प्रश्नावर ठरली, म्हणून तो आधीच सांगून टाकते.

आधी मोजमाप. टेप, कागद आणि घराचा नकाशा घेऊन चार गोष्टी लिहून काढल्या: छताची उंची, वरच्या मजल्याच्या पॅसेजची उंची, बिल्डरने दिलेले पॉइंट, आणि सोफा-टीव्ही कुठे येणार. वरचा पॅसेज हॉलच्या १८ फुटी बाजूला लागून आहे. त्याची फरशी १० फुटांवर, आणि खालचा बीम साडेआठ फुटांपर्यंत उतरलेला. म्हणजे हॉलकडे तोंड करून दीड फूट उंचीची काँक्रीटची उभी पट्टी, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोटेशन देणाऱ्यांपैकी कोणी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. पुढे सगळ्यात उपयोगी पडली ती तीच.

बिल्डरने छताच्या मधोमध पंख्याचा हूक दिला होता आणि त्याला लागून, जेमतेम फूटभरावर, दिव्याचा पॉइंट. डबल हाइट घरांत हे हमखास दिसतं, आणि दिव्यासाठी याहून वाईट जागा नाही. पंखा लांब रॉडवर खाली येतो, दिवा वर राहतो, आणि पाती उजेड कापत राहतात. जमिनीवर सावल्यांची सतत लुकलुक. १२०० मिलिमीटरच्या पंख्याची पाती मधल्या बिंदूपासून ६०० मिलिमीटरपर्यंत फिरतात. त्या वर्तुळाच्या वर, किंवा त्यातून झोत जाईल असा, एकही दिवा नको. तो पॉइंट आम्ही ब्लँक प्लेट लावून बंदच ठेवला.

आता थोडं गणित. हे कागदावर मांडलं की दुकानातल्या निम्म्या गोष्टी आपोआप गळतात. उजेड मोजायचं एकक लक्स, म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन. लुमेन हे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप. भारतीय मानकांप्रमाणे सहज वाचनाला १५० लक्स, सलग अभ्यासाला ३०० आणि जिन्याला १०० लक्स धरतात. आमचा हॉल साधारण २३.४ चौरस मीटर. सगळीकडे १५० लक्स हवे असतील तर टेबलाच्या पातळीला, म्हणजे जमिनीपासून पाऊण मीटरवर, सुमारे ३,५०० लुमेन पोचायला हवेत. पण दिव्यातून निघालेलं सगळं खाली पोचत नाही, बरंचसं भिंती खातात. नऊ फुटी छताच्या हॉलमध्ये निम्मं पोचतं असं धरलं आणि धूळ व जुनेपणासाठी २० टक्के घट सोडली, तर साधारण ८,७५० लुमेनचे दिवे लागतात. छत २० फुटांवर गेलं की तोच हॉल उभ्या खोक्यासारखा होतो. सर्वसाधारण रुंद झोताच्या दिव्यांचा खाली पोचणारा वाटा ३० टक्क्यांच्या आसपास येतो, आणि हिशोब १४,६०० लुमेनवर जातो. ही जादाची वीज वरच्या रिकाम्या भिंती उजळण्यात जाते.

स्पॉटलाइटचं गणित याहून कडक. अंतर वाढलं की उजेड त्याच्या वर्गाने कमी होतो. १,००० कँडेलाचा (कँडेला म्हणजे एका दिशेला जाणाऱ्या झोताची तीव्रता) स्पॉट दोन मीटरवरच्या टेबलावर २५० लक्स देतो. तोच छतावरून, ५.३५ मीटरवरून, जेमतेम ३५ देतो. दुकानातला दिवा घरी आणल्यावर मरगळलेला वाटतो, कारण शोरूमचं छत आठ-नऊ फुटांवर असतं. झोताचा कोनही असाच फसवतो. ६० अंशांचा डाउनलाइट नऊ फुटी छतावरून टेबलाच्या पातळीला २.३ मीटर व्यासाचं वर्तुळ उजळतो, २० फुटांवरून ६.२ मीटरचं. आमच्या हॉलची रुंदीच ४.२७ मीटर, म्हणजे तो झोत सरळ भिंतींवर चढणार. छतावरूनच उजेड हवा असेल तर झोत २४ अंशांचा किंवा त्याहून अरुंद घ्यावा. २४ अंशांना खाली २.३ मीटरचं वर्तुळ मिळतं.

एवढं मांडल्यावर निर्णय सोपा झाला. उजेडाचा उगम दहा फुटांच्या खाली आणायचा, छताला फक्त परावर्तित उजेड द्यायचा, आणि वीस फुटांवर एकही ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा डबा, ठेवायचा नाही. एलईडी दिवा बंद पडतो तेव्हा बहुतेक वेळा चिप शाबूत असते, आधी जातो तो ड्रायव्हर. उष्णता आणि विजेचे झटके त्याला मारतात. सहा फुटी घोड्यावर (घडीच्या शिडीवर) चढून तो बदलता आला पाहिजे, ही अट.

झुंबराबद्दल घरात बरीच चर्चा झाली. ज्यांना हवंच आहे त्यांच्यासाठी काही आकडे. हॉलची लांबी आणि रुंदी फुटांत मोजून बेरीज केली की तेवढ्या इंचांचा व्यास शोभतो. आमच्याकडे ३२ इंच आला असता. उंची छताच्या दर फुटाला अडीच ते तीन इंच, म्हणजे २० फुटांना ५० ते ६० इंच. खालचं टोक जमिनीपासून निदान सात फूट वर हवं. डबल हाइटमध्ये ते पहिल्या मजल्याच्या पातळीच्या आसपास ठेवलं तर खालून आणि पॅसेजमधून दोन्हीकडून नीट दिसतं. वजन थेट आरसीसी स्लॅबमधल्या हुकावर किंवा अँकर फास्टनरवर घ्यायचं, फॉल्स सीलिंगच्या पत्र्याच्या चॅनेलवर कधीच नाही. साफसफाईसाठी खाली उतरवता येणारी मोटर बसवणार असाल तर तिचं वजनही धरायचं आणि तिला वेगळी वायर लागते. आमच्याकडे हूक एकच आणि उमेदवार दोन. ठाण्यातला मे महिना आठवला आणि हूक पंख्याला गेला.

यानंतर सोसायटीचं ऑफिस. दिवे विकत घेण्याआधी तिथे दोन प्रश्न विचारायलाच हवेत: इमारत मायव्हान पद्धतीची आहे का, आणि स्लॅब पोस्ट टेन्शन आहे का. मायव्हानमध्ये अॅल्युमिनियमच्या साच्यांत भिंतीसुद्धा काँक्रीटच्या ओततात. वायरिंगचे पाइप ओतण्याआधीच आत टाकलेले असतात. विटांच्या भिंतीसारखी झिरी मारून नवा पॉइंट काढणं तिथे जमत नाही, आणि सोसायट्या तशी परवानगीही देत नाहीत. पोस्ट टेन्शन स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबल असतात. ड्रिलने त्यांतली एखादी तुटली तर प्रकरण आपल्या घरापुरतं राहत नाही. अशा इमारतीत स्लॅबला भोक पाडण्याआधी केबल कुठून जातात त्याचा नकाशा पाहिल्याशिवाय ड्रिल उचलू नये. आमची इमारत मायव्हानची निघाली. स्लॅब साधा असला तरी त्याला नवी भोकं नकोत, असं सोसायटीच्या इंजिनियरने सांगितलं. बीमच्या उभ्या बाजूला ३५ मिलिमीटरपर्यंतचे प्लग चालतील, हेही त्यांनीच लिहून दिलं. तोंडी परवानगीवर जाऊ नका. कामाच्या दिवशी सुपरवायझर दुसराच असतो.

अर्ज ६ जानेवारी २०२५ ला दिला. सोबत कामाचं वर्णन, कुठे कुठे ड्रिल होणार त्याचं हाताने काढलेलं चित्र, इलेक्ट्रिशियनच्या परवान्याची प्रत, कामगारांची ओळखपत्रं आणि फोटो, आणि २५,००० रुपयांचा परतीचा डिपॉझिट चेक. डेब्रिजसाठी २,००० रुपये वेगळे, ते परत मिळत नाहीत. इतकं छोटं काम, त्याला एवढं कशाला, असं वाटतं खरं. पण ‘इंटिरियर’ या शब्दाखाली सोसायटीचा फॉर्म एकच असतो. परवानगी १७ जानेवारीला मिळाली. आवाजाचं काम सकाळी १० ते १ आणि दुपारी ३ ते ६, रविवारी बंद. कामगारांचे पास गेटवर बनवायला सकाळचा अर्धा तास जातो. ते आदल्या संध्याकाळीच करून घ्यावेत, म्हणजे दहा वाजता ड्रिल सुरू होतं.

याच काळात वीजबिल काढून मंजूर भार पाहिला. ठाण्यात बहुतेक भागात महावितरण, मुंब्रा-कळवा-शीळ पट्ट्यात टोरंट पॉवर. आमच्या नव्या दिव्यांचा एकूण भार १६३ वॉट, त्यामुळे भार वाढवायची गरज नव्हती. सोबत नवा एसी किंवा इंडक्शन येणार असेल तर मात्र हे आधी पाहावं. भारवाढीच्या अर्जाला परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो आणि त्यात वेळ जातो.

आता खरेदी. नौपाडा आणि गोखले रोडवरची दुकानं पाहिली, घोडबंदरची शोरूम पाहिली, आणि शेवटी बरंचसं सामान मुंबईत लोहार चाळीतून घेतलं. लोहार चाळीत रविवारी बाजार बंद असतो. शनिवारी दुपारनंतर गर्दीत कोणी धड बोलत नाही. कामाच्या दिवशी सकाळी गेलं तर दुकानदार माहितीपत्रक काढून दाखवतात. माहितीपत्रकात पाहायच्या गोष्टी ठरवून नेल्या होत्या. वॉट नव्हे, लुमेन. आणि तेही चिपचे नव्हेत, पूर्ण दिव्यातून बाहेर पडणारे. झोताचा कोन. रंगाचं तापमान, आम्हाला सगळीकडे ३००० केल्विन हवं होतं. सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा त्याहून वर, म्हणजे जेवण आणि चेहरे राखाडी दिसत नाहीत. ड्रायव्हर सुटा मिळतो का, आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला आहे का. एलईडी दिव्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो. ‘बिलाशिवाय घ्या, स्वस्त पडेल’ हा आग्रह लोहार चाळीत दर तिसऱ्या दुकानात होतो. बिल नसेल तर वॉरंटीही नाही, हे ते सांगत नाहीत.

एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी. दोन कंपन्यांच्या ‘३००० केल्विन’ दिव्यांचा रंग एकसारखा नसतो. एकाचा उजेड लोण्यासारखा पिवळा, दुसऱ्याचा किंचित गुलाबी. पांढऱ्या उंच भिंतीवर दोन्ही शेजारी पडले की लगेच नजरेत भरतं. एका भिंतीवर उजेड टाकणारे सगळे दिवे एकाच कंपनीचे, शक्य तर एकाच खेपेचे घ्यावेत.

पैसे मोजण्याआधी घरी रात्री चाचणी घेतली. अनामत ठेवून आणलेले दोन ट्रॅक स्पॉट (ट्रॅक नावाच्या पट्टीवर बसणारे झोताचे दिवे), एक्स्टेन्शन बोर्ड, आणि पॅसेजच्या रेलिंगला दोन क्लँप. पडदे ओढून, बाकी सगळे दिवे बंद. एकेक स्पॉट बीमच्या उंचीवर धरून वाकवत पाहिला, आणि खाली टेबलावर लक्समीटर. मोबाइलचं अॅप आकडा खरा दाखवेलच असं नाही, पण ‘इथे जास्त, तिथे कमी’ एवढं कळायला ते पुरतं. या चाचणीत तीन गोष्टी कळल्या, ज्या कुठल्याही कॅटलॉगमध्ये नसतात.

पहिली, चकाकी. दिवा कितीही छान असो, सोफ्यावर बसून समोर त्याचं भिंग दिसलं तर डोळे मिटायला होतं. आमचा सोफा पॅसेजच्या बीमखाली, टीव्हीकडे तोंड करून. बीमवरचे स्पॉट बसणाऱ्याच्या डोक्यामागून, खांद्यावरून उजेड टाकतात. वाचायला याहून बरं काही नाही, आणि टीव्हीच्या काचेतही त्यांचं प्रतिबिंब सोफ्यावरून दिसत नाही, कारण ते टीव्हीच्या वरच्या कडेपेक्षा उंच पडतं. समोरच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांना मात्र स्पॉट दिसतात. म्हणून मधमाशीच्या पोळ्यासारखी काळी जाळी बसवता येणारे स्पॉट निवडले. जाळीने उजेड थोडा कमी होतो, तो हिशोबात धरावा.

दुसरी गोष्ट, वरून दिसणारं दृश्य. डबल हाइट हॉल दोन मजल्यांवरून पाहिला जातो आणि दिवे मात्र एकाच मजल्यावर उभं राहून निवडले जातात. पॅसेजमधून खाली पाहिलं तर लटकत्या दिव्याच्या शेडचं उघडं डोकं, आतला बल्ब आणि वर साचलेली धूळ दिसते. वर तोंड करून लावलेली एलईडीची स्ट्रिप (बारीक दिव्यांची चिकटपट्टी) तर थेट डोळ्यात जाते. टीव्हीच्या भिंतीवर नऊ फुटांपर्यंत लाकडी पॅनेलिंग येणार होतं आणि त्याच्या माथ्यावर छताकडे उजेड टाकणारी स्ट्रिप. ती नुसती चिकटवली असती तर वरच्या बेडरूममधून बाहेर येणाऱ्याला दर वेळी उघडे एलईडी दिसले असते. म्हणून दुधी डिफ्युजरचं ४५ अंशांचं अॅल्युमिनियम प्रोफाइल घेतलं, भिंतीकडे कललेलं, आणि पुढे दोन इंचांची कड.

तिसरी, काचेतलं प्रतिबिंब. रात्री खिडकीच्या उंच काचेत प्रत्येक दिवा पुन्हा दिसतो. यावर उपाय पडदाच. तो बसवायलाही उंचावर चढावं लागतं, त्याकडे पुढे येते.

अंतिम आराखडा असा झाला. बीमच्या उभ्या पट्टीवर, वरच्या कडेलगत, ४ मीटर ट्रॅक आणि त्यावर १२ वॉटचे पाच स्पॉट: तीन ३६ अंशांचे सोफा आणि टेबलासाठी, दोन २४ अंशांचे भिंतीवरच्या चित्रांसाठी. तिथून टेबलापर्यंतचं तिरकं अंतर ३.१ मीटर भरतं. ३६ अंशांचा झोत तिथे साधारण दोन मीटर पसरतो, २४ अंशांचा १.३ मीटर. पॅनेलिंगच्या माथ्यावर ५ मीटर स्ट्रिप, मीटरला १४ वॉट. बिल्डरने दिलेल्या दोन वॉल पॉइंटवर वर-खाली उजेड टाकणारे १२ वॉटचे दोन दिवे. आणि कोपऱ्यात ९ वॉटचा उभा लँप, त्याला तर साधा प्लग पुरतो.

स्ट्रिप २४ व्होल्टची घ्यावी, १२ ची नाही, आणि याचं कारण वायरची लांबी. आमच्याकडे ड्रायव्हर पॅसेजखालच्या फॉल्स सीलिंगमध्ये, झाकण उघडून हात पोचेल असा. तिथून स्ट्रिपपर्यंत वायर १० मीटर. ७० वॉटला २४ व्होल्टवर प्रवाह २.९ अँपिअर, आणि दीड चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये जाऊन-येऊन ०.७ व्होल्ट पडतो, म्हणजे तीन टक्के. १२ व्होल्टवर तोच तोटा १.४ व्होल्ट, जवळपास १२ टक्के, आणि स्ट्रिप मंद दिसते. पाच मीटरची सलग स्ट्रिप एका टोकाकडून जोडली तर दुसरं टोक फिकं पडतं. अडीच-अडीच मीटरचे दोन तुकडे करून मधून वीज दिली. ड्रायव्हर १०० वॉटचा, कारण तो ८० टक्क्यांच्या वर चालवला की तापतो.

प्रत्यक्ष कामात पहिली अडचण आली ती पाइपची. मायव्हानच्या भिंतीतले पाइप ओतकामाच्या वेळी सिमेंटच्या पाण्याने चोंदतात, हा नेहमीचा प्रकार. दिवे ठरवण्याआधीच इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक पाइपमध्ये स्प्रिंग घालून पाहावी. आमच्या दोन वॉल पॉइंटपैकी एकाचा पाइप अर्ध्यावर बंद होता. सुदैवाने तो टीव्हीच्या भिंतीचा, म्हणून वायर पॅनेलिंगच्या आतून नवा पाइप टाकून नेता आली. पॅनेलिंगला मागे दोन इंचांची पोकळी ठेवली होती ती याचसाठी. सुतार ती दीड इंचावर आणू पाहतो, आणू देऊ नये. जंक्शन बॉक्स बसत नाही.

ट्रॅक, स्ट्रिप आणि वॉललाइट घोड्यावरून बसले. परांची लागली ती पंख्यासाठी. ती आणायची तर वीस फुटांवरची सगळी कामं एकदम उरकायची, हे आधीच ठरवून यादी केली: पंख्याचा रॉड, ब्लँक प्लेट, छताला मॅट पांढरा हात, पडद्याची पाइप, खिडकीच्या वरच्या कडेचं सिलिकॉन. रंगारी, पडदेवाला आणि इलेक्ट्रिशियन यांना एकाच वेळी आणणं हीच यातली खरी कसरत. त्यांच्यापैकी एक नेहमी उद्यावर ढकलतो आणि परांचीचं भाडं चालू राहतं. चाकांची अॅल्युमिनियम परांची १८ फेब्रुवारीला आली. लिफ्टमध्ये तिचे तुकडे मावतात का, हे भाड्याने देणाऱ्याला आधी विचारावं. वर माणूस असताना ती ढकलायची नाही, चाकांचे ब्रेक लावायचे, आणि हार्नेसशिवाय कोणाला चढू द्यायचं नाही. ‘आम्ही रोज करतो, मॅडम’ हे वाक्य ऐकायला मिळतंच. हार्नेस घालेपर्यंत खाली हात बांधून उभी राहिले, मग घातला.

पंख्याची पाती नऊ फुटांवर हवी होती, म्हणजे साडेदहा फुटांच्या आसपासचा रॉड. एवढा लांब रॉड तयार मिळाला नाही, लोखंडी पाइपचा बनवून घेतला. दोन्ही टोकांच्या बोल्टना कॉटर पिन आहेत ना, ते स्वतः पाहिलं. शिवाय हूक आणि मोटर यांना जोडणारी पोलादी सुरक्षा-दोरी. लांब रॉडवर पंखा थोडा डोलतो. पात्यांचं वजन जुळवून घेतलं की डोलणं कमी होतं, पूर्ण जात नाही.

जोडणी संपल्यावर इलेक्ट्रिशियनकडून मेगर लावून इन्सुलेशन तपासून घेतलं. ५०० व्होल्टवर निदान १ मेगाओहम हवं. ही तपासणी ड्रायव्हर आणि दिवे सोडवून करायची, नाहीतर मेगरच त्यांना जाळतो. लाइटिंगचा सर्किट स्वतंत्र एमसीबीवर घेतला. न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला जोडला गेला तर आरसीसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) कारण नसताना पडत राहतो, तेही बोर्ड बंद करायच्या आधी पाहून घेतलं. स्विचचे चार गट केले. स्ट्रिपचा स्विच जिन्याच्या खाली आणि वर, दोन्हीकडे. डिमर लावला नाही. भिंतीवरचा साधा डिमर प्रत्येक एलईडी ड्रायव्हरला चालत नाही, दिवे थरथरतात किंवा गुणगुणतात. चार गट वेगवेगळे पेटवले की डिमरची उणीव फारशी भासत नाही.

स्पॉटचं तोंड कुठे हे शेवटी रात्री ठरवलं, सोफा आणि गालिचा जागेवर आल्यावर. एक जण घोड्यावर, एक सोफ्यावर, एक वर पॅसेजमध्ये. सोफ्यावर १७० लक्स आले, टेबलावर २१०. चित्रांवरचा उजेड थोडा बाजूने टाकला, नाहीतर काचेत दिवाच दिसतो. छतावर स्ट्रिपचा उजेड मऊ पसरला आणि हॉल वरून अंधाराने दाबल्यासारखा वाटेनासा झाला. इथे मात्र मनापासून हायसं वाटलं, कारण कागदावर पटलेली गोष्ट डोळ्यांना पटेल याची खात्री तोवर नव्हती.

खर्च असा: ट्रॅक २,६०० आणि पाच स्पॉट १२,०००, स्ट्रिप व प्रोफाइल ६,५००, ड्रायव्हर २,२००, वॉललाइट ४,६००, उभा लँप ४,५००, पंख्याचा रॉड १,८००, वायर-एमसीबी-बॉक्स ३,२००, इलेक्ट्रिशियनची मजुरी १४,०००, परांची ६,५००. एकूण ५७,९०० रुपये. पॅनेलिंग, रंग आणि पडदे वेगळे. परांचीत वाहतूक धरली आहे, ती विचारली नाही तर नंतर निघते.

२०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला आणि येऊरच्या जंगलाच्या बाजूने पहिल्या सरींबरोबर पंख फुटलेल्या वाळव्या आल्या. घोडबंदर पट्ट्यात राहणाऱ्यांना हे नवीन नाही. त्या उजेडाकडे झेपावतात, आणि उघड्या तोंडाच्या दिव्यात मरून साचतात. स्ट्रिपच्या प्रोफाइलला दोन्ही टोकांना झाकणं लावली होती म्हणून आत काही गेलं नाही. वॉललाइटची वरची बाजू काचेने बंद असलेली निवडावी, आमचीही तशीच आहे, वरून फडकं फिरवलं की झालं. त्या संध्याकाळी खिडक्या बंद करून फक्त बाल्कनीचा दिवा चालू ठेवला तर बऱ्याचशा बाहेरच राहतात. वर तोंड असलेल्या डिफ्युजरवर धूळ चढते. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसलं नाही तर छताचा उजेड हळूहळू पिवळट होत जातो आणि रोज पाहणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

गणपतीच्या मखरासाठी पॅनेलिंगच्या खालच्या भागात ६ अँपिअरचा एक जादा सॉकेट काढून ठेवला होता. आकाशकंदिलासाठी बीमच्या पट्टीवर, ट्रॅकच्या टोकाशी, एक छोटा हूक आणि स्ट्रिपच्या स्विचपासून वेगळा पॉइंट. हे दोन्ही परवानगीच्या चित्रात आधीच दाखवले होते. नंतर एका हुकासाठी पुन्हा फॉर्म भरावा लागतो.

डिपॉझिट परत मिळायला काम संपल्याचं पत्र, जिना आणि लिफ्टची पाहणी, आणि कामगारांचे पास जमा केल्याची नोंद लागते. पास हरवला तर त्याचे पैसे कापतात, म्हणून ते शेवटच्या दिवशी गेटवर नव्हे, घरीच गोळा करून घ्यावेत. आमचा चेक मार्चअखेरीस मिळाला. त्याच पाकिटात आता दिव्यांची बिलं, ड्रायव्हरचा मॉडेल क्रमांक लिहिलेला कागद आणि पॅनेलिंग बंद होण्याआधी काढलेले वायरींचे फोटो आहेत. एक सुटा ड्रायव्हर आणि स्ट्रिपचा उरलेला अर्धा मीटर तुकडा पॅसेजखालच्या झाकणाच्या आतच ठेवला आहे.